साठ हजार घेऊन ‘राजीनामा’ करावा का?

तुम्ही दिलेली हकिकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचे वडील ५२ वर्षांचे असून लग्ना-मुंजींची कामे घेणारे आचारी आहेत. गेल्या महिन्यात रात्री साडेनऊच्या सुमारास ते महू नाक्याकडून अन्नपूर्णा रस्त्याने स्कूटरवर घरी येत असताना विरुद्ध दिशेने आलेल्या कारने त्यांना समोरून धडक दिली. उजव्या पायाची नडगी मोडली, शस्त्रक्रिया करून आत रॉड बसवला आहे. डोक्यावर हेल्मेट नव्हते. कार चालवणारा मुलगा १९ वर्षांचा आहे आणि गाडी त्याच्या काकांच्या नावावर आहे. तुम्ही सगळे रुग्णालयात अडकल्यामुळे थान्यात, म्हणजे पोलीस ठाण्यात, रिपोर्ट चौथ्या दिवशी लिहिला गेला. आता त्या मुलाकडची मंडळी ६० हजार रुपये घेऊन राजीनामा, म्हणजे तडजोड, करा म्हणत आहेत. तुमचे प्रश्न दोन आहेत: त्या मुलाला १० वर्षांची शिक्षा होऊ शकते का, आणि हे ६० हजार घ्यावेत का.

मी इंदुरात २२ वर्षे अपघातांचे दावे चालवतो आहे. त्यातली पहिली ४ वर्षे मी विमा कंपनीच्या बाजूने उभा राहत असे, त्यामुळे समोरचा वकील फाइल उघडल्यावर आधी कोणते पान शोधतो हे मला माहीत आहे. तुमच्या दोन प्रश्नांच्या मागे खरा प्रश्न तिसराच आहे, असे मला वाटते. तुमचे वडील पुढची १०-१२ वर्षे भट्टीसमोर उभे राहून जे कमावणार होते, त्यातले जे आता बुडेल ते कोण भरून देणार, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर त्या मुलाच्या शिक्षेत सापडणार नाही.

एका धडकेतून दोन वेगळे खटले उभे राहतात. पहिला फौजदारी असतो. तो सरकार चालवते, त्यात तुमचे वडील साक्षीदार असतात, आणि त्याचा शेवट शिक्षेत, दंडात किंवा निर्दोष सुटकेत होतो. दुसरा नुकसानभरपाईचा दावा, ज्याला आपल्याकडे सगळे ‘क्लेम केस’ म्हणतात. तो मोटार अपघात दावा अधिकरणात चालतो, त्यात वडील स्वतः आवेदक म्हणजे अर्जदार असतात आणि पैसे बहुतेक वेळा विमा कंपनी देते. पहिल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. दुसऱ्यात कोणती बाजू अधिक संभवनीय आहे एवढेच पाहिले जाते. म्हणून मुलगा फौजदारी खटल्यातून सुटला तरी दावा आपोआप बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट अनेकदा सांगितली आहे, २०१८ च्या मंगलाराम प्रकरणातही सांगितली आहे. तरीही माझ्याकडे येणारी निम्मी मंडळी हे दोन खटले एकच समजून येतात.

आता शिक्षेबद्दल. १० वर्षांचा आकडा तुम्ही ऐकला तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमातला आहे. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला ट्रकचालकांनी ज्याविरुद्ध चाके थांबवली आणि आपल्याकडे पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, तेच हे पोटकलम. ते मृत्यू घडवून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्यासाठी आहे, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा तेवढे पोटकलम अंमलात आणलेच नाही. तुमच्या प्रकरणात मृत्यू नाही, त्यामुळे तो विषय संपला. तुमच्याकडे लागू होतात ती कलमे अशी: बेदरकारपणे वाहन चालवण्याबद्दल संहितेचे कलम २८१, ज्यात ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा १ हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि अशा कृत्याने गंभीर दुखापत झाल्याबद्दल कलम १२५ चा ‘ब’ भाग, ज्यात ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. दोन्ही जामीनपात्र आहेत. मुलगा त्याच दिवशी सुटून घरी गेला याचा तुम्हाला राग आला असे लिहिले आहे. राग समजण्यासारखा आहे, पण त्यात थान्याची कोणाशी मिलीभगत होती असे त्यावरून म्हणता येणार नाही.

याशिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ आहे आणि तुमच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने धोकादायक वाहनचालन म्हणजे काय याची उदाहरणे त्यात घातली गेली: लाल दिवा तोडणे, वाहन चालवताना मोबाईल हातात घेऊन वापरणे, नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणे, आणि ठरलेल्या दिशेच्या उलट गाडी चालवणे. पहिल्या गुन्ह्याला ६ महिने ते १ वर्ष कारावास किंवा १ हजार ते ५ हजार दंड किंवा दोन्ही, आणि ३ वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केल्यास २ वर्षांपर्यंत कारावास किंवा १० हजार दंड. दंडाची रक्कम पाहून हसू नका. विरुद्ध दिशेने येणे हाच कायद्याच्या शब्दांत धोका ठरतो, हे तुमच्या दाव्यात निष्काळजीपणा सिद्ध करताना कामाला येते. म्हणून चालानमध्ये, म्हणजे पोलिसांच्या आरोपपत्रात, हे कलम लागले आहे की नाही ते पाहा. मद्याचा संशय तुम्ही व्यक्त केला आहे, पण १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क होता हे त्याच रात्रीच्या तपासणीशिवाय दाखवता येत नाही. तपासणी झालीच नसेल तर त्या मुद्द्यामागे शक्ती घालवू नका. मुलगा १८ च्या आतला असता तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार दंडाची तरतूद लागली असती. १९ वर्षांच्या मुलाला ती लागू होत नाही.

खरे सांगायचे तर अशा खटल्यांत पहिल्यांदाच सापडलेल्या तरुणाला तुरुंगात जाताना मी फारच क्वचित पाहिले आहे. बहुतेक वेळा प्रकरण दंडावर संपते. त्याने न्यायालयात गुन्हा कबूल करून दंड भरला, तर त्या आदेशाची प्रमाणित प्रत लगेच काढून घ्या. दाव्यात तो कागद उपयोगी पडतो.

थान्यातले कागद आता नीट पाहा. पहिल्या दिवशी साधारणपणे साध्या दुखापतीचे कलम, म्हणजे १२५ चा ‘अ’ भाग लावला जातो, आणि एक्स-रेचा अहवाल आल्यावर ते बदलते. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे, म्हणून विवेचकाला, म्हणजे तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला, एक्स-रे आणि शस्त्रक्रियेच्या कागदांची प्रत लेखी अर्जासोबत द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. त्यानंतर ‘नक्शा मौका’ पाहा. हा अपघाताच्या जागेचा जेमतेम एका पानाचा, हाताने काढलेला नकाशा असतो, आणि त्यात दुभाजकाच्या कोणत्या बाजूला फुली मारली आहे यावर पुढची सगळी चर्चा अवलंबून राहते. फुली स्कूटरच्या योग्य बाजूला असेल तर कार तिथे उलट्या दिशेनेच आली असली पाहिजे, हे वेगळे सांगावे लागत नाही. फुली चुकली असेल तर आत्ताच लेखी आक्षेप द्या. चालान पेश झाल्यावर तो आक्षेप पश्चात्बुद्धीसारखा दिसतो. रस्त्यावरच्या दुकानांचे कॅमेरे जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसतात. महिना होत आला आहे, तरी दुकानदारांना विचारून पाहा. चित्रण मिळाले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र त्यासोबत लागेल.

रिपोर्ट ४ दिवसांनी लिहिला गेला याची तुम्ही फार काळजी करत आहात. २०११ च्या रवी विरुद्ध बद्रीनारायण या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की जखमीचे नातेवाईक आधी रुग्णालयाकडे धावतील, थान्याकडे नव्हे, आणि केवळ उशीर झाला म्हणून दावा नाकारता येत नाही. उशिराचे कारण मात्र रिपोर्टमध्ये लिहिलेले असावे. थान्याने रिपोर्टच घेतला नसता तर मार्ग वेगळा होता: इंदुरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे शहरात अशी लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांऐवजी आपल्या झोनच्या पोलीस उपायुक्तांकडे जाते, आणि तिथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच एका कागदाची. रुग्णालयात जखमी पोहोचतो तेव्हा अपघात विभागातला डॉक्टर विचारतो, “कैसे लगी?” आणि जो कोणी जवळ उभा असतो तो घाबरलेल्या अवस्थेत जे बोलेल ते एका ओळीत लिहिले जाते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गवंडी आले होते. त्यांचा भाचा त्या रात्री डॉक्टरांना म्हणाला, “गाड़ी से गिर गए.” मामा गाडीवरून पडले होते हे खरेच होते, पण ते मागून टेम्पोने ठोकल्यामुळे पडले होते. डॉक्टरांनी लिहिले, ‘दुचाकी घसरल्याचा इतिहास’. टेम्पोचा क्रमांक होता, दोन साक्षीदार होते, चालान पेश झाले होते, तरीही विमा कंपनीने दोन वर्षे ती एकच ओळ धरून ठेवली. मी स्वतः कंपनीच्या बाजूने असताना हीच ओळ सर्वात आधी शोधत असे. तेव्हा तुम्ही आजच रुग्णालयातून संपूर्ण केस पेपरची प्रत मागा: प्रवेशाची नोंद, एमएलसी (पोलीस प्रकरणासाठीची वैद्यकीय नोंद), शस्त्रक्रियेचे टिपण, डिस्चार्ज कार्ड. नोंद चुकीची असेल तर त्या वेळी माहिती कोणी दिली, ती व्यक्ती अपघाताच्या जागी हजर होती का, हे आत्ताच लिहून ठेवा. तिची साक्ष पुढे घ्यावी लागेल. वडिलांना रिक्षात घालून आणणाऱ्या माणसाचाही तुम्ही उल्लेख केला आहे. मदत करणाऱ्याला साक्षीदार होण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत, मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ अ त्याला संरक्षण देते. त्यामुळे त्याच्याशी सौजन्याने बोला आणि ‘तुम्ही पाहिलेत तेवढेच सांगा’ अशी विनंती करा.

पैसे कोण देणार, याकडे येऊ. कारचा क्रमांक तुमच्याकडे आहे, त्यावरून परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर विम्याची मुदत दिसते. अपघाताच्या दिवशी तृतीय पक्ष विमा चालू असेल तर दाव्यात तीन अनावेदक, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध दावा आहे असे पक्ष, होतील: चालक, मालक म्हणजे काका, आणि विमा कंपनी. गंभीर दुखापतीत कंपनीची जबाबदारी तुमच्या दाव्यापुरती खऱ्या नुकसानाइतकी असते, कारच्या किमतीशी तिचा संबंध नाही. मुलाकडे पक्का परवाना नव्हता, फक्त शिकाऊ होता आणि शेजारी कोणी बसलेले नव्हते, असे निघाले तर कंपनी हात झटकायचा प्रयत्न करेल. परंतु २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून न्यायालये अशा वेळी बहुधा कंपनीला सांगत आली आहेत की जखमीला आधी पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. विमाच नसेल तर मात्र सगळा भार चालक आणि मालकावर येतो, आणि वसुली कठीण होते. अशा स्थितीत गाडी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे न्यायालयात हमीपत्र देऊन, सुटण्याआधी तिच्या सुटकेला हरकत घेऊन मालकाकडून जामीन रक्कम किंवा हमी मागावी लागते. एकदा गाडी सुटून विकली गेली की हाती काही उरत नाही.

वाचणाऱ्यांपैकी कोणाला गाडीचा क्रमांकच मिळाला नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली अज्ञात वाहनाच्या अपघातासाठी गंभीर दुखापतीत ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात; तो अर्ज अधिकरणात करायचा नसून महसूल अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. तसेच मे २०२५ पासून अपघातग्रस्तांसाठी ठरावीक रुग्णालयांत पहिले ७ दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, रोख न भरता उपचारांची केंद्र सरकारची योजना आहे.

रक्कम कशी ठरते हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण ६० हजारांचे उत्तर त्यातच आहे. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालाने जखमींच्या दाव्याची रीत घालून दिली. उपचारांचा खर्च, अंथरुणावर असताना बुडालेली कमाई, कायमच्या अपंगत्वामुळे पुढे बुडणारी कमाई, पुढचे उपचार (रॉड काढायची शस्त्रक्रियाही यातच), वेदना, आणि आयुष्यातले जे सुख गेले ते. यातली सर्वात मोठी रक्कम भावी कमाईची असते, आणि त्यातच सर्वात जास्त चुका होतात. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर समजा ‘उजवा पाय १८ टक्के’ असे आले. हा आकडा शरीराचा असतो. न्यायालयाला हवा असतो तो कामाचा आकडा. टेबलावर बसून हिशेब लिहिणाऱ्याची कमाई १८ टक्के अपंगत्वाने कदाचित एका रुपयानेही कमी होणार नाही. आचाऱ्याचे तसे नाही. पहाटे ४ वाजता भट्टी पेटवायची, दुपारी पंगत उठेपर्यंत उभे राहायचे, चारशे पानांच्या मसालेभाताचे पातेले दोघांनी मिळून उतरवायचे, जिलबी पाडताना कढईसमोर तासन्‌तास उकिडवे बसायचे. मोडलेल्या नडगीने यातले काय जमेल आणि काय जमणार नाही, हे डॉक्टरांच्या आणि वडिलांच्या साक्षीत तपशिलाने आले पाहिजे. ‘काम करता येत नाही’ एवढे एक वाक्य पुरत नाही.

आकडे घालून दाखवतो. वडिलांचे उत्पन्न महिना १८ हजार सिद्ध झाले असे धरा. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे ५० ते ६० वयोगटातल्या स्वयंरोजगार करणाऱ्याच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीसाठी १० टक्के मिळवतात. ही वाढ जखमींनाही मिळते, हे २०२० च्या पप्पू देव यादव निकालाने स्पष्ट केले. म्हणजे वर्षाचे २,३७,६०० रुपये. कामाची क्षमता ३० टक्के घटली असे अधिकरणाने मानले तर वर्षाचे नुकसान ७१,२८० रुपये. २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ५१ ते ५५ वयासाठी गुणक ११ आहे. गुणाकार ७,८४,०८० रुपये. आता हाच पाय, पण उत्पन्नाचा पुरावा नसल्यामुळे अधिकरणाने १२ हजारच धरले आणि कामाचे अपंगत्व वेगळे सिद्ध न झाल्यामुळे कागदावरचे १८ टक्केच घेतले, तर रक्कम ३,१३,६३२ वर येते. पाय तोच, कागद वेगळे. हे मी हिशेबाची पद्धत कळावी म्हणून मांडले आहे. तुमच्या प्रकरणात हाड कसे जुळते, प्रमाणपत्रात काय येते, यावर खरा आकडा ठरेल.

वडील आयकर भरत नाहीत, मग उत्पन्न दाखवायचे कसे, असे तुम्ही विचारले आहे. त्यांची लग्नसराईची वही असेलच. कोणत्या तिथीला कोणाकडे काम, किती पाने, बयाणा किती, हाताखालच्या माणसांना काय दिले, हे आचारी मंडळी लिहून ठेवतात. ती वही जशी आहे तशी जपा, नव्याने साफ उतरवून काढू नका. खाडाखोड आणि तेलाचे डाग असलेली जुनी वही नव्या कोऱ्या वहीपेक्षा कितीतरी जास्त विश्वासार्ह दिसते. ज्यांच्याकडे कामे केली अशा दोन-तीन यजमानांची साक्ष, किराणा दुकानाच्या याद्या, मोबाईलवरून आलेल्या बयाण्याच्या नोंदी, बँकेचे पासबुक, आणि अपघातानंतर परत करावा लागलेला बयाणा, हे सगळे जमवा. औषधांची बिले, फिजिओथेरपीच्या पावत्या, ड्रेसिंगला जाण्या-येण्याचे रिक्षाभाडे यांच्या मूळ प्रती एका पिशवीत तारखेप्रमाणे ठेवा.

हेल्मेटचा मुद्दा समोरचे वकील काढतीलच. त्यावर उत्तर असे की वाहतुकीचा एखादा नियम मोडला म्हणून जखमी आपोआप सहदोषी ठरत नाही. तो नियमभंग आणि अपघात किंवा ती दुखापत यांचा संबंध दाखवावा लागतो. मोटरसायकलवर तिघे बसलेले असताना झालेल्या अपघाताच्या मोहम्मद सिद्दीकी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच सांगितले. नडगी मोडण्याचा डोक्यावरच्या हेल्मेटशी संबंध नाही. डोक्याला मार असता तर मी इतक्या ठामपणे लिहिले नसते.

मुदतीबाबत गाफील राहू नका. १ एप्रिल २०२२ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीनुसार दावा अपघातापासून ६ महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे, पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी बसून राहू नये. नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत अधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि तो अहवालच दावा म्हणून घेता येतो. डिसेंबर २०२२ च्या गोहर मोहम्मद निकालात या वेळापत्रकाच्या पालनाचे निर्देशही आहेत. तरीही मी माझ्या पक्षकारांचा स्वतंत्र अर्ज दाखल करतोच. अपंगत्वाचे प्रमाणपत्र हाड पूर्ण जुळल्यावर, म्हणजे बरेचदा ६ महिन्यांनंतर मिळते. त्यासाठी दावा थांबवायचा नसतो, प्रमाणपत्र नंतर जोडता येते. दावा राहत्या ठिकाणीही करता येतो, म्हणून इंदूरच्या माणसाचा अपघात सेंधव्याच्या पुढे किंवा धुळ्याजवळ झाला तरी त्याला तिकडे तारखांना जावे लागत नाही.

दाव्याच्या आधी किंवा दरम्यान विमा कंपनीकडून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली, कोणाची चूक हे न पाहता, गंभीर दुखापतीसाठीचे अडीच लाख रुपये घ्या, असा प्रस्ताव येऊ शकतो. ज्यांच्याकडे समोरच्याच्या चुकीचा पुरावा नाही त्यांना हा मार्ग चांगला आहे. पण ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. तुमच्याकडे विरुद्ध दिशेचा पुरावा असताना ती घाई करू नये, असे माझे मत आहे.

आता त्या ६० हजारांकडे. आपल्याकडे घरी राजीनामा म्हणजे नोकरी सोडणे, आणि थान्याच्या ओट्यावर राजीनामा म्हणजे तडजोड. वयस्कर मराठी मंडळी या शब्दाने एकदा तरी गोंधळतात. कलम १२५ चा गुन्हा जखमी व्यक्तीला न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येतो, कलम २८१ चा मिटवता येत नाही. म्हणजे मुलाचा संपूर्ण खटला वडिलांच्या सहीने संपतो, असेही नाही. तडजोड वाईट असते असे मी म्हणत नाही. १९ वर्षांच्या मुलाबद्दल वडिलांच्या मनात दया असेल तर तो त्यांचा अधिकार आहे. धोका त्या टाइप केलेल्या शपथपत्रात असतो. मी पाहिलेल्या बहुतेक कागदांत तिसऱ्या-चौथ्या ओळीत ‘दुर्घटना मेरी स्वयं की गलती से हुई’ किंवा ‘वाहन अचानक सामने आ गया, चालक की कोई गलती नहीं थी’ असे काहीतरी असते, आणि शेवटी ‘भविष्य में कोई क्लेम नहीं करूँगा’. ही दोन वाक्ये विमा कंपनीच्या हाती लागली की तुमच्या दाव्यातला निष्काळजीपणा तुमच्याच सहीने खोडला जातो. वडील ६ महिने घरी बसले तर बुडालेली कमाईच १ लाख ८ हजार होते, त्यात शस्त्रक्रियेचा खर्च अजून धरलेला नाही. त्यापुढे ६० हजार काहीच नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा: आत्ता कोणत्याही कागदावर सही करू नका, आणि वडिलांना झोपेच्या गोळ्यांच्या गुंगीत असताना एकटे भेटायला कोणाला जाऊ देऊ नका. त्या मंडळींना खरोखर मदत करायची असेल तर ती बँकेतून द्यावी, आणि ‘उपचारांच्या तातडीच्या खर्चासाठी मदत, दाव्याचा किंवा तक्रारीचा कोणताही हक्क सोडलेला नाही’ एवढ्या एका ओळीच्या पावतीवर द्यावी. ती रक्कम अंतिम हिशेबात वजा झाली तरी हरकत नाही. ही अट ऐकून ते मागे फिरले, तर ते पैसे कशासाठी होते ते तुम्हाला कळेल. फौजदारी तडजोडीचा विचार दाव्यात वडिलांची आणि डॉक्टरांची साक्ष झाल्यावर करा.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात भेटलेल्या ज्या गृहस्थांनी ‘मिळेल त्यातले ३० टक्के द्या, बाकी सगळे मी बघतो’ असे सांगितले, त्यांना दिलेला कोरा वकीलनामा परत मागा. निकालाच्या रकमेत वाटा घेणे वकिलाला नियमाने वर्ज्य आहे. फी आधी लेखी ठरवून घ्या. परवडत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे उत्पन्नाच्या अटीवर मोफत वकील मिळू शकतो.

किती वेळ लागेल याचे नेमके उत्तर कोणी देऊ नये. विमा चालू आहे, परवाना पक्का आहे, चूक स्पष्ट आहे अशी प्रकरणे राष्ट्रीय लोकअदालतीत दावा दाखल झाल्यापासून वर्ष-दीड वर्षात मिटताना मी पाहिली आहेत. लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून अपंगत्वाचे प्रमाणपत्र हाती येण्याआधी तिथे आकडा मान्य करू नका. लढून निकाल घ्यायचा तर ३-४ वर्षे धरून चाला. रकमेवर दाव्याच्या तारखेपासून साधारण ६ ते ९ टक्के व्याज मिळते. निकाल अपुरा वाटला तर ९० दिवसांत उच्च न्यायालयाच्या इथल्याच खंडपीठात अपील करता येते.

शेवटी स्कूटरबद्दल विचारले आहे. ती थान्यात उभी असेल तर तिची यांत्रिक तपासणी झाल्याची खात्री करा आणि मग न्यायालयातून सुपुर्दनाम्यावर सोडवा. सोडवताना चारही बाजूंनी फोटो काढा, विशेषतः पुढचे चाक आणि वाकलेला फोर्क, कारण समोरून धडक बसली हे त्यावरून दिसते. दुरुस्तीच्या आधी मेकॅनिककडून लेखी अंदाजपत्रक घ्या, दुरुस्तीनंतर पक्के बिल घ्या. तो खर्चही याच दाव्यात मागता येतो.